त्वचेखालची डबी आणि तिचे टांके

कर्करोगाच्या उपचारांत रोग्याला जीं औषधें द्यावीं लागतात त्यांतील पुष्कळशीं शिरेंतून दिलीं जातात, आणि तीं शिरेला मानवत नाहींत. पहिल्या खेपेस हाताची शीर सहज सांपडते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ती कडक होऊं लागते. सहाव्या खेपेस परिचारिका कोपरापासून मनगटापर्यंत बोटें फिरवीत बसते आणि रोगी मान दुसरीकडे वळवितो. कांहीं औषधें तर इतकीं दाहक असतात कीं, सुईचें टोंक शिरेबाहेर केसभर सरकलें आणि औषध आसपासच्या मांसांत उतरलें, तर तेथील कातडी जळून जखम पडते, व ती लवकर भरून येत नाहीं. डॉक्सोरुबिसिन हें अशा औषधांपैकीं एक होय. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा रोगी आहे त्यांना हें वर्णन नवें वाटणार नाहीं.

या अडचणीवर निघालेला तोडगा म्हणजे छातीच्या कातडीखालीं पुरलेली एक लहानशी डबी. इंग्रजींत तिला 'पोर्ट' म्हणतात, आणि इकडील रुग्णालयांतहि तोच शब्द रूढ झाला आहे. डबी टिटॅनियम धातूची किंवा कठीण प्लॅस्टिकची असते. तिची रुंदी सुमारें अडीच-तीन सेंटिमीटर व उंची सेंटिमीटरभर किंवा थोडी अधिक. म्हणजे तंबाखू खाणाराच्या चुन्याच्या डबीहूनहि ती लहानच. कर्करोगाच्या संदर्भांत हा दृष्टांत जरा कडवट आहे खरा, पण आकार त्यानें नेमका कळतो. डबीच्या माथ्यावर सिलिकोनचा जाड पडदा असतो आणि तळ मात्र कठीण असतो. तिच्या कुशींतून निघालेली बारीक नळी मानेतील किंवा गळ्याच्या आडव्या हाडाखालील मोठ्या शिरेंत शिरते व तिचें टोंक हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या तोंडाशीं येऊन थांबतें. तेथें रक्ताचा ओघ एवढा मोठा असतो कीं, दाहक औषधहि क्षणांत पातळ होऊन जातें.

या पडद्यांतून औषध देण्यास वांकड्या टोंकाची खास सुई लागते. सिॲटल शहरांतील राल्फ ह्यूबर या दंतवैद्यानें १९४६ सालीं तिचें पेटंट घेतलें. साधी सुई पडद्यांत शिरतांना त्याचा बारीकसा तुकडा कापून नेते. ह्यूबरची सुई नुसती फांक पाडून जाते, आणि ती काढतांच फांक मिटते. त्यामुळें एकच पडदा हजार-दोन हजार वेळां टोंचला गेला तरी गळत नाहीं. डबीच्या पूर्वीं, १९७३ सालीं ब्रोविआक यांनीं आणि १९७९ सालीं हिकमन यांनीं ज्या नळ्या प्रचारांत आणल्या त्यांचें एक टोंक छातींतून बाहेर लोंबत असे. आंघोळीची पंचाईत आणि जंतूंना सदैव उघडें दार. १९८२ सालीं अमेरिकेंतील नीडरह्यूबर व त्यांचे सहकारी यांनीं सबंध उपकरणच कातडीखालीं ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सुईचे ह्यूबर आणि डबीचे नीडरह्यूबर हे दोघे निराळे. नांवांतील साम्य हा केवळ योगायोग.

असो. डबी पुरली, परंतु ती जागेवर राहावी कशी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. शस्त्रवैद्य छातीची जागा बधिर करून दोन-तीन सेंटिमीटरांचा छेद घेतो, कातडी व तिच्याखालची चरबी यांना खालच्या थरांपासून हलकेच सोडवितो आणि एक खिसा तयार करितो. या खिशाच्या तळाशीं छातीच्या मोठ्या स्नायूवरील चिवट, पांढरें आवरण असतें. डबी त्या आवरणावर टेकलेली असावी, तिच्या माथ्यावर अर्धा ते दोन सेंटिमीटर जाडीचें मांस असावें, आणि पडदा नेहमीं वरच्या बाजूस राहावा, अशी अपेक्षा असते. या अपेक्षांतील शेवटची चुकली, म्हणजेच डबी उलटली, तर पुढचें सारें बिघडतें.

कसें तें पाहावें. रोगी दूरच्या गांवाहून एस्.टी.नें किंवा आगगाडीनें ठरल्या दिवशीं येतो. रक्ताची तपासणी झालेली असते, औषध तयार असतें, बरोबर आलेल्या भावानें कामावरून रजा घेतलेली असते. परिचारिका कातडी स्वच्छ करिते, दोन बोटांत डबी धरिते आणि सुई टोंचते. एरवीं सुई पडद्याच्या मऊ प्रतिकारांतून आंत जाते व तळाला लागली कीं हाताला तें लगेच कळतें. या खेपेस मात्र ती कातडीखालींच कठीण पत्र्यावर आपटते. पुन्हां टोंचावें तर पुन्हां तेंच. क्ष-किरणांचें चित्र घेतल्यावर उलगडा होतो कीं, डबी पालथी पडली आहे. कधीं कधीं बाहेरून बोटांनीं दाबून ती सुलटी करितां येते. पण एकदां उलटलेली डबी पुन्हां उलटण्याचा संभव फार, आणि बहुधा खिसा परत उघडावा लागतो. त्या दिवसाचें औषध चुकतें तें वेगळेंच. याहून वाईट प्रकार डबी अर्धवट कलल्यानें होतो. सुई पडद्याच्या कडेला कशीबशी अडकते, सारें ठीक आहे असें वाटतें, आणि औषध शिरेऐवजीं खिशांत झिरपतें. म्हणूनच औषध सोडण्यापूर्वीं सुईंतून रक्त मागें ओढून पाहण्याचा जो नियम आहे तो परिचारिकेनें घाईंतहि मोडतां कामा नये, आणि रोग्याच्या नातलगांनींहि तो पाळला जातो कीं नाहीं याकडे लक्ष ठेवल्यास कोणीं रागावूं नये.

डबी उलटण्याचीं कारणें साधीं आहेत. खिसा गरजेपेक्षां मोठा झाला, किंवा आसपास मऊ चरबी पुष्कळ असली, कीं हाताच्या हालचालीनें, खोकल्यानें, कुशीवर निजण्यानें डबी खिशांत घोळूं लागते. दुसरें कारण म्हणजे रोग्याचीं स्वतःचीं बोटें. कातडीखालीं कांहीं कठीण लागतें आहे म्हटल्यावर हात नकळत तिकडे जातो. डबी चाळविली जाते, फिरविली जाते. हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या यंत्राच्या बाबतींत हा प्रकार १९६८ सालींच कॅनडांतील वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला होता. रोग्यानें यंत्र खिशांत इतकें फिरविलें कीं, त्याची तार त्याच्याभोंवतीं गुंडाळली जाऊन हृदयांतून मागें ओढली गेली. डबीच्या नळीचेंहि असें होऊं शकतें.

यावर सर्वांत जुना आणि पाठ्यपुस्तकांतून शिकविला जाणारा उपाय म्हणजे न विरणाऱ्या धाग्याचे टांके. डबीच्या तळाच्या कडेला याचसाठीं लहान भोंकें ठेवलेलीं असतात. त्यांतून पॉलिप्रोपिलीन, नायलॉन किंवा रेशीम यांचा धागा ओंवून तो स्नायूवरील आवरणाला बांधतात. चरबींत घातलेल्या टांक्याचा उपयोग नाहीं. लोण्यांत खिळा मारावा तसा तो प्रकार. टांके किती असावेत याविषयीं मात्र शस्त्रवैद्यांच्या संवयी वेगवेगळ्या. एकच टांका असेल तर डबी दूर सरकत नाहीं, पण त्या टांक्याभोंवतीं ती दारासारखी फिरूं शकते, व उलटूंहि शकते. तसबीर एका खिळ्यावर टांगली तर ती कलते. दोन खिळ्यांवर कलत नाहीं. म्हणून टांके घालावयाचेच तर ते निदान दोन असावेत आणि एकमेकांपासून दूरच्या भोंकांत असावेत, हें सरळ आहे. तीन घातले तर अधिक बरें, पण तिसरा टांका अरुंद छेदांतून आंत पोंचवितांना हात आंखडतो.

आणि येथेंच या पद्धतीची खोड दिसूं लागते. टांके नीट घालतां यावेत म्हणून छेद थोडा मोठा घ्यावा लागतो. सुई स्नायूंत खोल गेली तर नंतर हात उचलतांना दुखत राहतें. घाईंत सुईनें नळीच टोंचली जाण्याचा धोका असतो, आणि असें झाल्याचें कित्येकदां टेबलावर लक्षांतहि येत नाहीं. रेशमासारख्या पिळदार धाग्याच्या पेडांत जंतूंना लपण्यास जागा मिळते. पॉलिप्रोपिलीनच्या एकपदरी धाग्यांत ती कमी. हें गौण मानतां येत नाहीं, कारण डबी मुदतीपूर्वीं काढावी लागते ती बहुतेक वेळां जंतुसंसर्गामुळें. उलटल्यामुळें काढावी लागण्याचे प्रसंग त्या मानानें फारच विरळ.

दुसरी पद्धत हीच, फक्त धागा विरणारा. पूर्वीं यासाठीं कॅटगट वापरीत. नांवांत मांजर असलें तरी हा धागा मेंढीच्या किंवा गाईबैलांच्या आंतड्यापासून करीत; मांजराचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. हल्लीं पॉलिग्लॅक्टिनसारखे कृत्रिम धागे घेतात. त्यांचें बळ तीन आठवड्यांत निम्म्यावर येतें आणि दोन-सवादोन महिन्यांत ते पूर्णपणें विरून जातात. पॉलिडायॉक्सेनोनचा धागा याहून सावकाश, सहा-सात महिन्यांनीं विरतो. प्रथमदर्शनीं हें विचित्र वाटतें. डबी कित्येकदां दोन-तीन वर्षें राहावयाची, आणि तिला धरून ठेवणारा धागा दोन महिन्यांत नाहींसा व्हावयाचा! मग ती पुढें कोणाच्या आधारावर राहते?

या प्रश्नाच्या उत्तरांत साऱ्या वादाचें मूळ आहे. शरीराला परकी वस्तु खपत नाहीं. ती बाहेर टाकतां आली नाहीं, तर शरीर तिच्याभोंवतीं भिंत बांधतें. डबी ठेवल्यापासून कांहीं आठवड्यांत तिच्याभोंवतीं तंतुमय पेशींचा चिवट, पांढरा कोश तयार होतो. हा कोश डबीच्या आकाराबरहुकूम बेतलेला असतो. शिंप्यानें अंगावरून माप घेतलें तरी इतका नेमका बेत साधणार नाहीं. कांहीं डब्यांच्या कडेच्या भोंकांतूनहि हे तंतु वाढतात आणि डबीला जणूं शरीराचेच टांके पडतात. कांहीं कारखानदार मात्र हीं भोंकें सिलिकोननें भरून ठेवितात, तें असें तंतु शिरूं नयेत व पुढें डबी काढणें सोपें जावें म्हणून. तेव्हां डबीला कायमची धरून ठेवणारा हा कोशच आहे. शस्त्रवैद्याचा टांका हा फार तर पहिल्या कांहीं आठवड्यांचा राखणदार.

हें एकदां मान्य केलें कीं पुढचा प्रश्न आपोआप येतो: पहिल्या त्या आठवड्यांसाठीं तरी टांका हवाच काय? तिसऱ्या पद्धतीचे लोक म्हणतात, नको; खिसाच असा करावा कीं डबीला हलण्यास जागा राहूं नये. छेदापासून खिसा एकाच दिशेस, बहुधा खालच्या बाजूस, डबीच्या रुंदीएवढाच सोडवावा. बोट घालून उगाच ऐसपैस करूं नये. डबी आंत सरकवितांना ती थोडी अडखळत जावी. अंगच्या कपड्याच्या सैल खिशांत रुपया उलटासुलटा होतो, घट्ट खिशांतलें घड्याळ तसेंच राहतें. डबी छेदाच्या बरोबर खालीं न ठेवतां पुढें सरकवून ठेवल्यानें दोन कामें होतात. एक तर सुई टोंचावयाची जागा ताज्या व्रणावर येत नाहीं, आणि दुसरें, छेदाचे आंतले थर शिवतांना खिशाचें तोंडहि आपोआप आवळलें जातें. कांहीं शस्त्रवैद्य तेथें एखादा विरणारा टांका जास्त घालतात, पण तो डबीच्या भोंकांत नव्हे.

हें केवळ हस्तकौशल्याच्या अभिमानावर सांगितलेलें नाहीं. अमेरिकेंतील एका रुग्णालयानें २००४ ते २००७ या काळांत बसविलेल्या ५३४ डब्यांचा आढावा २०१० सालीं प्रसिद्ध झाला. यांपैकीं एकाहि डबीला आवरणाशीं बांधणारा टांका नव्हता. सरासरीनें जवळजवळ एक वर्ष त्या शरीरांत होत्या, आणि उलटली ती एकच. पांचशें चौतीसांत एक! ज्या पायरीवर पाठ्यपुस्तकांनीं एवढा भर दिला ती वगळूनहि असा निकाल येत असेल, तर त्या पायरीची गरज सर्वांना सारखी नाहीं हें उघड आहे. तथापि या आंकड्यांना एक मर्यादा आहे. ही मागाहून तपासलेली नोंद होती, आणि तीहि एकाच संस्थेची. टांका घातलेले व न घातलेले असे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडले व त्यांची तुलना केली, असें तींत झालें नव्हतें. शिवाय जे हात रोज हेंच काम करितात त्यांचा खिसा आणि वर्षांतून चार डब्या बसविणाऱ्या हाताचा खिसा एक मानतां येत नाहीं. घट्ट खिसा करण्याची संवय ज्याला नाहीं त्यानें टांका सोडूं नये, हेंच शहाणपणाचें.

रोग्याचें अंग पाहूनहि निर्णय बदलावा लागतो. सडपातळ तरुणाच्या छातीवर चरबी थोडी, आवरण हाताशीं. तेथें घट्ट खिसा पुरेसा होतो. स्थूल रोग्याच्या किंवा भरदार वक्षाच्या स्त्रीच्या बाबतींत गोष्ट निराळी. शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेल्या माणसाची छाती आणि उभ्या माणसाची छाती एक नव्हे. ती बाई उठून बसली कीं स्तनाच्या भारानें कातडी व चरबी खालीं उतरतात; त्यांबरोबर डबी उतरते आणि शिरेंतील नळीचें टोंक तितकेंच वर ओढलें जातें. हृदयाजवळचें टोंक असें वर सरकलें कीं नळी चोंदण्याचा व शिरेंत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. अशा ठिकाणीं डबी वरच्या अंगाला, जेथें चरबी कमी तेथें, नेऊन दोन टांक्यांनीं आवरणाशीं बांधणें हेंच योग्य. जागेची खूण रोगी बसलेला असतांना करावी, निजल्यावर नव्हे. आणि ती करितांना चोळीचा बंद, खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा, मोटारींतील पट्टा कोठून जातो हें त्यालाच विचारावें. हा प्रश्न विचारण्यास अर्धें मिनिट लागतें, आणि तो न विचारल्याचा त्रास वर्षभर पुरतो.

ज्या रोग्याचें चित्त ठिकाणावर नसतें, जो वारंवार डबी चाचपडतो, त्यालाहि टांकेच बरे. पूर्वीं बराच स्थूल असून आजारानें झपाट्यानें वाळलेल्या माणसाची कातडी सैल पडलेली असते, त्यालाहि तेंच. उलट अति कृश रोग्यांत डबी हलण्यापेक्षां ती कातडीला आंतून घांसून बाहेर डोकावण्याचें भय मोठें, आणि तेथें डबी कमी उंचीची निवडणें व तिच्यावर पुरेसें मांस राखणें हें टांक्यांच्या वादाहून महत्त्वाचें ठरतें. पोटाच्या पोकळींत औषध सोडण्यासाठीं जी डबी बरगड्यांच्या खालच्या भागावर ठेवितात ती मात्र बांधावीच. तिच्याखालीं बरगड्यांचा कठीण आधार नसेल तर सुई टोंचतांना ती बोटांखालून निसटते. दंडांत बसवावयाच्या डब्या छातीवरील डबीहून लहान असतात आणि त्या बहुधा टांक्यांवांचून राहतात.

अलीकडे कातडीचा छेद चिकट द्रव्यानें बंद करण्याची चाल आहे. तिचा या प्रश्नाशीं संबंध नाहीं. तें द्रव्य वरची कातडी जोडतें, डबीला धरीत नाहीं. घरच्या मंडळींना मात्र हा भेद माहीत नसतो, आणि वरचें बरें झालें म्हणजे आंतलेंहि बसलें असें समजून रोगी चौथ्या-पांचव्या दिवशीं पाण्याची घागर उचलतो. कोश तयार होण्यास कांहीं आठवडे लागतात, हें त्यांना कोणीतरी सांगितलें पाहिजे. त्या अवधींत त्या बाजूच्या हातानें जड ओझें उचलूं नये, हात झटक्यानें डोक्यावर नेऊं नये, आणि डबीशीं खेळूं नये. खांदा अगदींच बांधून ठेवावा असें मात्र नाहीं. तसें केल्यास तो आंखडतो. औषधाच्या खेपा संपल्यावरहि जोंवर डबी आंत आहे तोंवर ठराविक अंतरानें, पुष्कळ ठिकाणीं दर चार आठवड्यांनीं व कांहीं ठिकाणीं याहून लांब अंतरानें, ती द्रव सोडून धुवावी लागते. गांवाकडील दवाखान्यांत हें काम करून घ्यावयाचें असल्यास रोग्यानें डबीचें कार्ड व ह्यूबरची सुई बरोबर न्यावी. साध्या सुईनें ती टोंचूं देऊं नये.

डबी काढण्याचा दिवस येतो तेव्हां टांक्यांचा हा जुना हिशेब पुन्हां उघडतो. जुन्या व्रणावरूनच छेद घेतात व कोश उघडतात. न बांधलेली, किंवा विरलेल्या धाग्याची डबी नळी शिरेंतून ओढून घेतल्यावर कोशांतून बोटांच्या दाबानें बाहेर घसरते. न विरणाऱ्या धाग्यानें बांधलेली असेल तर प्रत्येक गांठ शोधून कापावी लागते, आणि गांठी दोन-तीन वर्षांच्या व्रणतंतूंत रुतलेल्या असतात. पॉलिप्रोपिलीनचा धागा निळा असतो, त्यामुळें तो डोळ्याला सांपडतो. तुटलेलें रेशीम मात्र तंतूंतच हरवतें. बधिर करण्याचें औषध कोशाच्या कठीण भिंतींत नीट पसरत नाहीं, तेव्हां या शोधाशोधींत रोग्याला जरा कळ सोसावी लागते. डबी निघाल्यावर शस्त्रवैद्य शिरेजवळची जागा कांहीं मिनिटें दाबून धरतो, रिकामा कोश तसाच ठेवून वरची कातडी शिवतो आणि पट्टी लावतो. कोशाच्या भिंती पुढें एकमेकींना चिकटतात, व कांहीं महिन्यांनीं त्या जागीं बोटाला एक बारीक, कठीण रेघ तेवढी लागते.